मेकअपचे ब्रश धुवा बेबी शाम्पूने

फाउंडेशनचा ब्रश बरेच दिवस धुतला नाही की केस चिकटून कडक होतात आणि गालावर पट्टे उमटतात. महागडं क्लीनर लागत नाही.

१. केस खाली धरून फक्त टोकं कोमट पाण्यात भिजवा.
२. तळहातावर थेंबभर बेबी शाम्पू घेऊन ब्रश गोल गोल फिरवा. जुन्या प्लॅस्टिकच्या गाळणीवर हलकेच घासलात तर आतला थरही सुटतो. (चहाची रोजची गाळणी नको, घरात बोलणी बसतील!)
३. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, टॉवेलने टिपा, बोटांनी आकार द्या.
४. केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील असा आडवा ठेवा. पावसाळ्यात जाड ब्रशला अख्खा दिवस द्या.

ओला ब्रश मगात उभा ठेवू नका. पाणी धातूच्या कड्यात उतरतं, आतला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात.