यीस्टमधील मेदाम्लांचे जनुकशास्त्र : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

पीएचडीसाठी यीस्टमधील मेदाम्लनिर्मितीचा विषय घेतला तेव्हा संकर आणि बीजाणू वेगळे करण्याच्या जुन्या पद्धती शिकण्यात वेळ घालवावा, असे मला वाटत नव्हते. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या नेहमीच्या यीस्टचा संपूर्ण जीनोम (सगळ्या जनुकांसह पूर्ण डीएनए) १९९६ मध्येच उपलब्ध झालेला असल्यामुळे सारे काही संगणकावर उलगडेल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच वर्षी मोडली.

विषयाचा गाभा असा. एसीसी-१ जनुकाचे एन्झाइम मॅलोनिल-कोए हा कच्चा माल तयार करते, त्यापासून फॅटी ॲसिड सिंथेस हे एन्झाइम संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) मेदाम्लांची साखळी बांधते आणि ओले-१ जनुकाचे एन्झाइम त्या साखळीत दुहेरी बंध घालते. प्राण्यांमध्ये सिंथेसची सगळी कामे एकाच लांब प्रथिनसाखळीत असतात. यीस्टमध्ये मात्र ती फास-१ आणि फास-२ या दोन जनुकांत विभागलेली आहेत आणि दोन्ही प्रथिनांच्या सहा-सहा प्रती मिळून सुमारे २६ लाख डाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) वजनाचे संकुल तयार होते. याच विभागणीमुळे येथे संकराला मोल आहे. मेदाम्लांवाचून न वाढणारे दोन म्युटंट (जनुकात बिघाड असलेले यीस्ट) एकमेकांशी जुळवले आणि त्यांची द्विगुणित (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेली) संतती साध्या, म्हणजे मेदाम्ल न घातलेल्या माध्यमावर वाढली, तर दोष बहुधा वेगवेगळ्या जनुकांत असतो. ‘बहुधा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे, कारण एकाच फास-१ मधील दोन वेगळ्या भागांतले दोषही संकुलात एकमेकांची उणीव भरून काढू शकतात.

माझी मोठी चूक माध्यमाच्या बाबतीत झाली. ओले-१ काढून टाकलेला स्ट्रेन (यीस्टचा वाण) ओलेइक या दुहेरी बंधाच्या मेदाम्लाशिवाय वाढता कामा नये. हे आम्ल पाण्यात विरघळत नसल्याने माध्यमात डिटर्जंट घालावा लागतो, म्हणून मी कंट्रोल प्लेटमध्ये ओलेइक आम्ल वगळून फक्त ट्वीन-८० हा डिटर्जंट घातला आणि त्या प्लेटवर स्ट्रेन व्यवस्थित वाढला. तीन आठवडे मी स्ट्रेन भेसळला असेल या संशयाने पीसीआर (डीएनए तपासणी) करत राहिलो. शेवटी बाटलीवरचे पूर्ण नाव वाचले, तर त्यातच ‘मोनोओलिएट’, म्हणजे ओलेइक आम्लाचे संयुग, असे स्पष्ट लिहिलेले होते. ज्याच्या अभावाची मी परीक्षा घेत होतो तेच ओलेइक आम्ल मी स्वतःच्या हाताने यीस्टला पुरवत होतो. ट्वीन-४० मध्ये पामिटिक आम्ल असते, त्यामुळे फास म्युटंटच्या कंट्रोलसाठी तेही चालत नाही. त्यानंतर मी टर्जिटॉल हा मेदाम्ल नसलेला डिटर्जंट वापरू लागलो आणि प्रत्येक बाटलीचे रासायनिक नाव वहीत उतरवून घेण्याची सवय लावून घेतली.

ऑक्सिजनचीही अशीच गोष्ट आहे. ओले-१ च्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे हवाबंद डब्यात ठेवलेला निरोगी यीस्टही ओलेइक आम्ल आणि अर्गोस्टेरॉल (पेशीपटलातील स्टेरॉल) दिल्याशिवाय नीट वाढत नाही. अशा प्रयोगात वाढ खुंटली म्हणून जनुकाला दोष देणे घाईचे ठरते.

टेट्रॅड विच्छेदन, म्हणजे एका पेशीतून निघालेले चार बीजाणू सुटे करण्याची पद्धत, मात्र सुरुवातीलाच शिकून घ्यावी. फास-२ ची एकच प्रत शाबूत असलेल्या द्विगुणित पेशीचे चार बीजाणू सुईने वेगळे करून साध्या माध्यमावर मांडले, की चारपैकी दोनच वसाहती दिसतात. मिरिस्टिक आम्ल हे मेदाम्ल घातलेल्या प्लेटवर उरलेल्या दोन जागाही भरतात. ते दोन-दोनचे प्रमाण ओळीने दहा-बारा टेट्रॅडमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हाच त्या जनुकाविषयी बोलण्याचा विश्वास मला आला.

नोकरीच्या दृष्टीने या कौशल्याला किण्वन उद्योगात वाव आहे. जपानमध्ये साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्या यीस्टवर सेरुलेनिन या सिंथेस रोखणाऱ्या पदार्थाचा मारा करून त्याला दाद न देणाऱ्या वसाहती निवडल्या गेल्या. त्यांच्या फास-२ मध्ये प्रथिनातील १२५० व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन आलेले आढळले. या बदलाने सहा कार्बनांचे कॅप्रोइक आम्ल जास्त तयार होते आणि त्याच्या एथिल एस्टरमुळे साकेला सफरचंदासारखा सुगंध येतो. मुलाखतीची तयारी करताना मी हेच उदाहरण कागदावर मांडून पाहत असे : निवडीसाठी कोणता दाब दिला, कोणत्या वसाहती वाचल्या आणि त्यांच्या जनुकात नेमके काय बदलले.