पॅन्सी ऑर्किडच्या पानांना निऱ्या पडल्या? पाणी घालण्याआधी या चुका टाळा

पॅन्सी ऑर्किडच्या नव्या पानाला पेटीच्या भात्यासारख्या आडव्या निऱ्या पडलेल्या दिसल्या, की हात आपसूक झारीकडे जातो. थोडं थांबा. आधी मुळं पाहा. निऱ्यांचा अर्थ इतकाच, की पान वाढत असताना त्याला पुरेसं पाणी मिळालं नाही. कुंडीत पाणी नव्हतं म्हणून मिळालं नाही, की पाणी होतं पण ते ओढायला मुळंच उरली नव्हती, हे पान सांगत नाही. दोन्ही वेळा ते सारखंच दिसतं, आणि उपाय मात्र अगदी उलटे आहेत.

माझं पहिलं झाड मी याच घोटाळ्यात गमावलं. निऱ्या दिसल्या म्हणून पाणी वाढवलं, निऱ्या वाढल्या, मी आणखी पाणी घातलं. कुंडी उपडी केली तेव्हा आत तपकिरी चोथा होता.

म्हणून कुंडी उचलून पाहायची सवय लावा. कुंडी हलकी, मिश्रण कोरडं आणि मुळं पांढरी, टणक असतील तर झाड तहानलेलं आहे. पाण्याच्या दोन पाळ्यांमधलं अंतर कमी करा. कुंडी जड, मिश्रण ओलं आणि तरीही पान आखडलेलं असेल, तर मुळं कुजली आहेत. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण निघून हातात येतं आणि आत नुसता दोरा राहतो. आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करा: एकदा पडलेल्या निऱ्या कधीच सरळ होत नाहीत. काळजी बरोबर घेतली जातेय का, हे त्यानंतर येणाऱ्या पानावरून ठरवायचं.

तुमच्याकडे नक्की कोणतं झाड आहे?

काळजीतल्या निम्म्या चुका ओळखण्यातल्या चुकीतून येतात. पॅन्सी ऑर्किड म्हणजे मिल्टोनिऑप्सिस. चपटं, पसरट फूल आणि मधोमध रंगीत मुखवटा, म्हणून पॅन्सीच्या फुलाची आठवण होते. काही संकरित जातींत मुखवट्याखाली धबधब्यासारख्या रेघा उतरतात. हा वारसा मिल्टोनिऑप्सिस फॅलेनॉप्सिस या कोलंबियातल्या जातीचा. नाव असं असलं तरी फॅलेनॉप्सिस म्हणजे मॉथ ऑर्किड या वेगळ्या ऑर्किडशी तिचं जवळचं नातं नाही.

खरा गोंधळ होतो तो मिल्टोनियाशी. पूर्वी ही झाडं मिल्टोनियातच मोजली जात. १८८९ मध्ये मिल्टोनिऑप्सिस हा वेगळा वंश मांडला गेला, पण कुंडीवरच्या नावाच्या चिठ्ठीवर अजूनही सर्रास ‘मिल्टोनिया’ लिहिलेलं असतं. मिल्टोनिया मुख्यतः ब्राझीलमधली, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी. मिल्टोनिऑप्सिस कोस्टा रिकापासून पेरूपर्यंतच्या डोंगरउतारांवरची, बरीचशी ढगांत बुडालेल्या थंड जंगलांतली. चिठ्ठीवर विसंबून पॅन्सी ऑर्किड उबदार जागी ठेवलं, की महिन्याभरात ते मलूल होऊ लागतं.

फूल नसताना ओळखायचं तर पानांच्या बुडाशी असलेली फुगीर गाठ, म्हणजे स्यूडोबल्ब, पाहा. मिल्टोनिऑप्सिसच्या गाठीच्या शेंड्यावर एकच पान असतं, मिल्टोनियाच्या शेंड्यावर दोन. इथे मोजताना फसायला होतं, कारण गाठीला दोन्ही बाजूंनी कवटाळणारी पानंही असतात. ती मोजायची नाहीत, फक्त शेंड्यातून निघालेलं पान मोजायचं. मिल्टोनिऑप्सिसच्या गाठी एकमेकींना चिकटून दाटीने येतात आणि पानं करड्या हिरव्या छटेची असतात. मिल्टोनियाच्या गाठी अंतर सोडून येतात आणि तिची पानं मुळातच पिवळसर हिरवी असतात. ते पिवळेपण उपासमारीचं समजून खत ओतणं, ही आणखी एक नेहमीची चूक.

पाणी, क्षार आणि उष्णता

या झाडाची मुळं बारीक असतात. फॅलेनॉप्सिससारखं पूर्ण कोरडं होऊ देऊन मग पाणी घालायचं वेळापत्रक इथे लागू केलं की ती सुकतात. बशीत पाणी साचवून ठेवलं की कुजतात. मिश्रण सतत किंचित दमट हवं, चिंब नको. पाणी सकाळी घाला आणि नव्या कोंबाच्या बेचक्यात ते रात्रभर राहू देऊ नका, नाहीतर कोंब सडतो.

पानांची टोकं तपकिरी-काळी पडत असतील तर क्षारांवर संशय घ्या. मुळं नाजूक असल्यामुळे जड पाणी आणि दाट खत या झाडाला फार लवकर बाधतं. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा, खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग द्या आणि महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. टोकं जळलेली दिसताच ‘अशक्तपणा’ समजून खत वाढवणं म्हणजे जखमेवर मीठच.

तापमान दिवसा १८ ते २६ अंश सेल्सिअस आणि रात्री १३ ते १६ अंशांच्या आसपास असेल तर झाड सुखी असतं. २७ च्या वर पारा गेला तर सावली वाढवा, हवा खेळती ठेवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. छोट्या पंख्याचा फायदा नुसत्या फवारणीपेक्षा जास्त होतो, कारण कोंदट जागेत ओली पानं डागाळतात. उन्हाळा कडक असेल आणि रात्रीही गारवा येत नसेल, तर मी स्पष्टच सांगेन: शुद्ध मिल्टोनिऑप्सिसच्या मागे लागण्यापेक्षा मिल्टोनिया निवडा. ज्या संकरांत मिल्टोनिऑप्सिस रोएझ्ली या तुलनेने उबदार भागातल्या जातीचा अंश आहे, ते थोडं जास्त सोसतात.

उजेड मऊ, गाळलेला हवा. पानांवर हलकी गुलाबी झाक आली म्हणजे उजेडाची कमाल मर्यादा गाठली. त्यापुढे पान लालसर होऊ लागलं तर झाड खिडकीपासून मागे घ्या.

कुंडी आणि दांडा

‘वाढायला जागा मिळेल’ म्हणून मोठी कुंडी देऊ नका. मधलं मिश्रण वाळतच नाही आणि कूज तिथूनच सुरू होते. मुळं जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्या. त्यात झाडाची बारीक साल आणि परलाइट (हलके पांढरे खडे), हवं तर थोडं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) घाला. साल कुजून तिचा भुगा होतो आणि बारीक मुळांना तो सोसत नाही, म्हणून दरवर्षी, फार तर दोन वर्षांनी, मिश्रण बदला. फुलं संपल्यावर नव्या कोंबाला मुळं फुटू लागतात, ती वेळ उत्तम. झाडाचे तुकडे करून वेगळी रोपं करायची घाई नको. प्रत्येक तुकड्यात निदान तीन गाठी हव्यात, आणि बिनपानाच्या जुन्या गाठीही कापू नका, त्यांत पाण्याचा साठा असतो.

फुलं गळल्यावर दांडा अर्धा कापून पुन्हा बहराची वाट पाहणं ही फॅलेनॉप्सिसवरून उचललेली सवय. इथे तो दांडा परत फुलत नाही. बुडापासून कापा, पुढची फुलं नव्या गाठीच्या बुडातून येतील. फुलं झाडावरच राहू द्या. तिथे ती कित्येक आठवडे टिकतात, फुलदाणीत मात्र लवकर माना टाकतात.

मुळं गेलीच असतील तर

कुजलेली सगळी मुळं निर्जंतुक कात्रीने काढा. झाड लहान कुंडीत, घट्ट पिळलेल्या ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये बसवा. वरून पारदर्शक पिशवी सैल घाला आणि ती रोज थोडा वेळ उघडून हवा द्या. थेट ऊन नको, खत तर मुळीच नको. गाठी सुरकुतलेल्याच राहतील आणि जुनी एक-दोन पानं पिवळी होऊन गळतील. तेवढ्याने घाबरून झाड उपटून पाहू नका, दर उपटण्यात नवी मुळं तुटतात. कोंबाच्या बुडाशी पांढरी टोकं दिसली, की पिशवी दिवसेंदिवस जास्त वेळ उघडी ठेवा. ती मुळं बोटाच्या पेराएवढी झाल्यावरच पाव मात्रेचं खत सुरू करा.