फॉन्ट बदलणारा मॅक्रो वर्डमध्ये अडतोय? या चुका टाळा

कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी योगेश अशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पुस्तकं, अंक, संस्थांचे अहवाल युनिकोडमध्ये आणायचं काम अजून कितीतरी वर्षं पुरेल एवढं पडलंय. त्यासाठी वर्डमधला मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, आजही मला सगळ्यात सोयीचा वाटतो. मजकूर ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये चिकटवला की तळटीपा, तक्ते, ठळक अक्षरं सगळं जातं. मॅक्रो आहे त्या फाइलीत जागच्या जागी अक्षरं बदलतो. म्हणून डीटीपीवाले, अनुवादक, निवृत्त शिक्षक हे मॅक्रो एकमेकांना मेलवर पाठवतात, आणि म्हणूनच मला तोच तो फोन येत राहतो: 'दादा, मॅक्रो चालत नाही, वर्ड बिघडलंय.'

वर्ड बिघडलेलं नसतं. फाइल कुठून आली हे वर्डला माहीत असतं आणि आपण ते विचारातच घेत नाही. खालच्या जवळपास सगळ्या चुका त्यातूनच होतात.

पट्टी न वाचता सेटिंग बदलायला धावणं

फाइल उघडल्यावर वर एक पट्टी येते. ती वाचायला पाच सेकंद लागतात, पण ती वाचलेली माणसं मला फार कमी भेटतात. पट्टी पिवळी असून तिच्यावर 'एनेबल एडिटिंग' असेल, तर फाइल नुसती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडलेली आहे आणि मॅक्रोचा प्रश्न अजून आलेलाच नाही. पिवळीवर 'एनेबल कंटेंट' असेल, तर वर्ड तुमची परवानगी मागतंय. पट्टी लालसर असेल, तिच्यावर 'सिक्युरिटी रिस्क' लिहिलं असेल आणि 'लर्न मोअर' सोडून दुसरं बटणच नसेल, तर वर्ड परवानगीही मागत नाहीये. त्यानं परस्पर नकार दिलाय.

ही लाल पट्टी फार जुनी नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपणहून बंद ठेवायचं मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. बदल लागू व्हायला लागला, जुलैत काही दिवस मागे घेतला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा लागू झाला. त्याआधीच्या सूचना हातात घेऊन बसलेले लोक अजून 'एनेबल कंटेंट' शोधत असतात. ते बटण त्या पट्टीवर नाहीच.

विंडोज हे ओळखतं कसं? ब्राउझरनं किंवा आउटलुकनं फाइल उतरवली की तिच्यासोबत एक छोटी अदृश्य नोंद ठेवली जाते. तिचं नाव झोन आयडेंटिफायर. नोंदीत ३ हा आकडा असला, तर फाइल इंटरनेटवरून आलेली आहे. वर्ड हा आकडा पाहून मॅक्रो अडवतं. ट्रस्ट सेंटर, म्हणजे वर्डच्या सुरक्षेची सेटिंग्ज जिथे असतात, तिथल्या मॅक्रो सेटिंग्जशी या अडवणुकीचा संबंध नाही, त्यामुळे तिथली चारही गोल बटणं आलटूनपालटून दाबली तरी लाल पट्टी हलत नाही. ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी याच पट्टीपायी आख्खं ऑफिस काढून पुन्हा बसवलं. पट्टी होती तिथेच राहिली, कारण नोंद ऑफिसमध्ये नव्हतीच, त्या फाइलीवर होती.

उपाय सोपा आहे, पण क्रम पाळा. आधी वर्ड बंद करा. फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरलच्या पानावर अगदी तळाशी 'अनब्लॉक'ची चौकट. तिच्यात खूण करा, ओके म्हणा, मग फाइल उघडा. फाइल झिपमधून आली असेल, तर आधी झिपवरच अनब्लॉक करा आणि मग ती उघडून आतल्या फाइली काढा. विंडोजनं झिप उलगडली की तिची नोंद आतल्या प्रत्येक फाइलीला चिकटते, आणि मग एकेक फाइल सोडवत बसावं लागतं.

चौकटच दिसत नाही आणि लाल पट्टी मात्र येते, असंही होतं. बहुतेक वेळा अशी फाइल ऑफिसच्या सर्व्हरवरून आकडी पत्त्यानं, म्हणजे १९२.१६८ वगैरेनं उघडलेली असते. आकडी पत्ता दिसला की विंडोज आतल्या सर्व्हरलाही इंटरनेटच समजतं. सर्व्हरच्या साध्या नावानं उघडून पाहा, किंवा फाइल आपल्या संगणकावर आणा.

अनब्लॉक करण्याआधी मी एक गोष्ट कधीच टाळत नाही. मॅक्रो बंद असतानाच ऑल्ट आणि एफ-११ दाबून कोड उघडतो आणि वरून खाली वाचतो. फॉन्ट बदलणाऱ्या मॅक्रोत काय असायला हवं? शोधा आणि बदला, अक्षरांच्या लांबच लांब याद्या, आणि पहिली वेलांटी व रफार जागेवर नेणारा भाग. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, म्हणून तो भाग लागतोच. पण 'शेल', 'क्रिएट-ऑब्जेक्ट', कुठला तरी इंटरनेटचा पत्ता किंवा फाइल उघडताच आपोआप सुरू होणारं 'ऑटो-ओपन' दिसलं, तर या कामाला त्यातल्या कशाचीही गरज नसते. तशी फाइल मी पुसून टाकतो, पाठवणारा कितीही ओळखीचा असो. ज्यांना कोड वाचता येत नाही त्यांनी वाचता येणाऱ्याला दाखवावा. 'घाई आहे' हे उत्तर मला पटत नाही. पुस्तक वीस वर्षं कृतिदेवमध्ये पडून होतं, ते आणखी एक दिवस थांबू शकतं.

'एनेबल ऑल मॅक्रोज'

ट्रस्ट सेंटरमधल्या या सेटिंगचा मला मनापासून राग आहे. त्याच्यापुढेच लिहिलेलं असतं की हे करू नका, घातक कोड चालू शकतो. तरी 'हे एकदा करून टाका, कटकट मिटेल' असं सांगणारे सगळीकडे भेटतात.

एका डीटीपीच्या दुकानात ऐन दिवाळी अंकांच्या धामधुमीत मला बोलावणं आलं. इथून गेलेली प्रत्येक वर्ड फाइल समोरच्याचा अँटिव्हायरस अडवत होता. लेखकांना प्रुफं पोचत नव्हती. दोन संपादकांनी तर यांच्या मेल उघडणंच बंद केलं होतं. यांचा मॅक्रो उलट्या दिशेचा होता: लेखक युनिकोडमध्ये पाठवायचे, आणि पेजमेकरमध्ये घ्यायचं म्हणून हे ते श्रीलिपीत आणायचे. सगळं काम त्यामुळे जुन्या .डॉक फाइलींत.

पहिल्या संगणकावर ट्रस्ट सेंटर उघडलं. 'एनेबल ऑल मॅक्रोज' निवडलेलं. त्याच्याच खाली, मॅक्रोला दुसऱ्या मॅक्रोच्या कोडमध्ये हात घालू देणारी 'ट्रस्ट अॅक्सेस'ची चौकट, तिच्यातही खूण. बाकीच्या सगळ्या संगणकांवर तेच. ऑपरेटर ताई म्हणाल्या, 'कन्व्हर्टर बसवून देणाऱ्यानंच केलंय दादा, याशिवाय चालत नाही म्हणाला.'

झालं होतं असं. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेल्या एका .डॉक फाइलीत जुना मॅक्रो व्हायरस होता. पेनड्राइव्ह साधारणपणे फॅट-३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या असतात, आणि त्यांच्यावर झोन आयडेंटिफायरची नोंद राहतच नाही. म्हणजे लाल पट्टी येण्याचा प्रश्न नव्हता. पिवळी पट्टी आली असती, पण ती यांनी स्वतःच कायमची बंद करून ठेवली होती. फाइल उघडताक्षणी व्हायरस नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या मूळ साच्यात जाऊन बसला. हे टेम्प्लेट वर्ड सुरू होताना दर वेळी उघडतं, त्यामुळे पुढे उघडलेल्या प्रत्येक .डॉक फाइलीत तो उतरत गेला. अंकाचा निम्मा मजकूर त्यात अडकला.

वर्ड बंद करून प्रत्येक संगणकावरच्या नॉर्मल टेम्प्लेटचं नाव बदललं. तसं केलं की वर्ड पुढच्या वेळी नवं, कोरं टेम्प्लेट बनवतं. मग सगळ्या फाइली आणि सगळ्या पेनड्राइव्ह तपासल्या. पण कीबोर्डचे शॉर्टकट, ऑटोटेक्स्टच्या नोंदी, वर्षानुवर्षं बसवलेली घडी हे सगळं जुन्या टेम्प्लेटमध्येच होतं. ते पुन्हा उभं करताना त्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक त्यांची नव्हती. ज्यानं आपलं काम दोन मिनिटांत उरकावं म्हणून ते बटण दाबलं, त्याची होती.

आणि सगळ्यात वाईट भाग असा, की हे सेटिंग लाल पट्टीवर चालतच नाही. इंटरनेटची नोंद असलेली फाइल 'एनेबल ऑल' असतानाही अडतेच. म्हणजे ज्या फाइलीसाठी हे केलं ती बंदच राहते, आणि नोंद नसलेल्या बाकी सगळ्या फाइलींना रान मोकळं मिळतं.

हे भय जुनं झालं असं कुणी म्हणू नये. वर्डच्या मॅक्रोतून पसरलेला कन्सेप्ट व्हायरस १९९५ चा. मार्च १९९९ मधला मेलिसा तर फाइल उघडताच आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. एमोटेट हा घातक प्रोग्रॅम वर्डच्याच फाइलींतून पसरत होता, आणि त्याचं जाळं पोलिसांनी मोडलं ते जानेवारी २०२१ मध्ये. २०२२ ची लाल पट्टी उगाच आलेली नाही.

माझ्याकडे कायम 'डिसेबल ऑल मॅक्रोज विथ नोटिफिकेशन' असतं, म्हणजे बंद ठेव पण मला सांग. 'विदाउट नोटिफिकेशन' घेऊ नका. त्यात परवानगी मागणारी पिवळी पट्टीच येत नाही, आणि मॅक्रो का चालला नाही याचा पत्ताच लागत नाही.

डाउनलोड्सचा फोल्डर 'विश्वासू' करणं

ट्रस्टेड लोकेशन्स ही सोय चांगली आहे. तिथे नोंदवलेल्या फोल्डरमधली फाइल वर्ड काहीही न विचारता चालवतं, लाल पट्टीही येत नाही. म्हणूनच तिथे डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा आख्खा डॉक्युमेंट्स नोंदवणं म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. सगळा कचरा पहिल्यांदा उतरतो तो तिथेच.

नवा फोल्डर नोंदवायचीही बहुतेकांना गरज नसते. वर्डचा 'स्टार्टअप' फोल्डर आधीपासून विश्वासू यादीत असतो. ट्रस्टेड लोकेशन्सचं पान उघडलं की त्याचा पूर्ण पत्ता समोर दिसतो. वाचून, तपासून झालेला मॅक्रो मी वेगळ्या .डॉटएम टेम्प्लेटमध्ये ठेवतो आणि ते टेम्प्लेट या फोल्डरमध्ये टाकतो. वर्ड बंद करून उघडलं की ऑल्ट आणि एफ-८ दाबल्यावर मॅक्रो यादीत येतो, कुठल्याही फाइलीवर चालतो, आणि नॉर्मल टेम्प्लेट स्वच्छ राहतं. एखाद्या दिवशी नको झाला तर एक फाइल काढली की काम झालं.

कोड चिकटवल्यावर प्रश्नचिन्हं दिसली की सिक्युरिटीला दोष देणं

फाइलीऐवजी मॅक्रोचा नुसता कोड मागवून आपल्या टेम्प्लेटमध्ये चिकटवणं ही माझी आवडती पद्धत आहे, कारण तिथे इंटरनेटच्या नोंदीचा प्रश्नच येत नाही. पण व्हीबीएच्या, म्हणजे ऑल्ट आणि एफ-११ नं उघडणाऱ्या कोडच्या खिडकीला युनिकोड कळत नाही. कोडमध्ये थेट 'क' किंवा 'अ' लिहिलेलं असेल, तर चिकटवताच त्याची प्रश्नचिन्हं होतात. मॅक्रो चालतो आणि सगळा मजकूर प्रश्नचिन्हांनी भरून टाकतो. नीट लिहिलेल्या मॅक्रोत अक्षराऐवजी त्याचा क्रमांक असतो: अ साठी २३०९, क साठी २३२५. तसा नसेल, तर लिहिणाऱ्याकडून तसा करून घ्या.

आणखी काही, थोडक्यात

मॅक्रो .डॉकएक्समध्ये राहत नाही. साठवताना वर्ड तसा इशारा देतं आणि लोक न वाचता 'येस' म्हणतात. .डॉकएम किंवा .डॉटएम निवडा. नुसतं फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून भागत नाही, फाइल उघडायचीच बंद होते.

मोबाइलवर आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये मॅक्रो चालत नाही. तिथे सेटिंग शोधू नका.

'६४ बिट' असा उल्लेख असलेली चूक आली, तर सुरक्षेचा काही संबंध नाही. मॅक्रो जुन्या ३२ बिट ऑफिससाठी लिहिलेला आहे आणि त्यातल्या 'डिक्लेअर'च्या ओळी बदलाव्या लागतील.

मूळ फाइलीवर मॅक्रो चालवू नका. तो शेकडो बदल करतो, आणि अर्ध्यात थांबला तर निम्मा मजकूर युनिकोड, निम्मा कृतिदेव अशी अवस्था होते. 'अनडू'नं ते निस्तरत नाही. आधी प्रत काढा.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस वापरत असाल, तर त्यात ही सेटिंग्ज टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटी, मॅक्रो सिक्युरिटी इथे असतात, आणि पातळी मुळात 'हाय' असते. ती 'लो' करू नका, विश्वासू फोल्डर नोंदवा. वर्डसाठी लिहिलेला प्रत्येक मॅक्रो तिथे चालेलच असं नाही.

सरकारी किंवा मोठ्या ऑफिसात ट्रस्ट सेंटरमधली बटणं फिकट दिसत असतील, तर ती वरून बंद केलेली आहेत. घरून पेनड्राइव्हवर आणून, नाव बदलून आडवाटेनं मॅक्रो चालवू नका. संगणक विभागाला लेखी कळवा: कोणता मॅक्रो, तो काय करतो, कोड सोबत जोडला आहे, तो तपासून तुमच्या डिजिटल सहीनं द्यावा. वेळ लागेल, पण सही झालेला मॅक्रो मग सगळ्या टेबलांवर चालतो.