ल्युअरसाठी रॉड आणि लाइन निवडताना या चुका टाळा

सातारा-सांगलीकडे मरळीसाठी वापरले जाणारे बरेचसे ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिषे, मुळात उत्तर अमेरिकेतील बास या माशासाठी तयार झालेले आहेत. बास आपल्या कृष्णेत किंवा वेण्णेत नाही, परंतु मरळही त्याच्यासारखीच आडोशाला दबा धरून भक्ष्यावर झडप घालते, म्हणून ते येथेही चालतात. मात्र लागलेला मासा वारंवार निसटू लागला की दोष ल्युअरला दिला जातो आणि पुढच्या वेळी आणखी जाड लाइन व आणखी कडक रॉड विकत घेतला जातो. चूक बहुधा तेथेच होते.

क्रँकबेटला, म्हणजे ओढताच डुलत खाली जाणाऱ्या माशाच्या आकाराच्या ल्युअरला, तीन काट्यांचे बारीक गळ असतात आणि ते माशाच्या तोंडात वरवरच रुततात. अशा वेळी न ताणणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची, लाइन आणि कडक रॉड असेल, तर माशाच्या एका हिसक्यासरशी गळ मांस फाडून बाहेर येतो. कण्हेर धरणाच्या उघड्या पाण्यात क्रँकबेट ओढायचा असेल, तर मधल्या भागापर्यंत वाकणारा मध्यम ताकदीचा रॉड आणि 10 ते 12 पौंडांची मोनो लाइन, म्हणजे आपला साधा तंगूस, अधिक भरवशाची ठरते.

बेडकाच्या ल्युअरचे गणित याच्या नेमके उलट आहे. जलपर्णीवरून बेडूक ओढताना त्याचा जाड दुहेरी गळ मरळीच्या टणक जबड्यात शिरवावा लागतो आणि ती मुळांत घुसण्याआधी तिला बाहेर काढावे लागते. येथे हेवी रॉड आणि 50 पौंडांची, म्हणजे सुमारे 23 किलोंची, ब्रेडेड लाइनच हवी. पाणी उसळताच हिसका देण्याचा मोह आवरावा आणि माशाचे वजन हाताला जाणवल्यावरच रॉड उचलावा.

पॉपरला, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरला, फ्लुरोकार्बन ही प्लास्टिकची पारदर्शक लाइन बांधू नये, कारण ती लाइन बुडते आणि ल्युअरचे तोंड खाली खेचते. तळाशी चालवायच्या रबरी अळीला मात्र तीच उत्तम.

रॉडच्या मुठीजवळ छापलेले ल्युअरचे वजन फारसे कोणी वाचत नाही. तेथे 1/4 ते 3/4 औंस लिहिले असेल, तर तो रॉड साधारण 7 ते 21 ग्रॅमसाठी आहे. 3 ग्रॅमचा ल्युअर त्यावरून दूर जात नाही, आणि 40 ग्रॅमचा जोरात फेकल्यास टोक मोडू शकते.

ड्रॅग, म्हणजे किती ताणावर लाइन सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक, पूर्ण आवळूनही लाइन सुटत राहिली, तर रीळ बिघडले असे समजण्यापूर्वी स्पूलकडे, म्हणजे लाइन गुंडाळलेल्या चाकाकडे, पाहावे. स्पूल स्थिर असून त्याभोवती ब्रेडेड लाइनच घसरत असेल, तर ती सर्व उतरवून खाली मोनोचे काही वेढे द्यावेत आणि मग ती पुन्हा भरावी. लाइन तुटल्यास तिचे टोक निरखावे: ते कुरळे झाले असेल, तर गाठ सुटली आहे, खरबरीत असेल, तर लाइन दगडावर घासली आहे. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, विशेषतः फ्लुरोकार्बनची, कारण कोरडी गाठ घर्षणाच्या उष्णतेने कमकुवत होते.

एकच रॉड घेणे परवडत असेल, तर माझ्या मते सात फुटी मीडियम-हेवी रॉड, 30 पौंडांची ब्रेडेड लाइन आणि पुढे हातभर फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे ल्युअरला जोडणारा लाइनचा तुकडा, घ्यावा. दाट जलपर्णी त्याने टाळावी आणि क्रँकबेट वापरताना ड्रॅग थोडा सैल ठेवावा.