हीट पंप: पाणी कोमट, घर उबदार
ब्रिटनमध्ये घर तापवणारा गॅस बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र, बसवला की कडकडीत रेडिएटरची (गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या पॅनेलची) सवय सोडावी लागते. बाहेरच्या युनिटमधलं रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारं द्रव्य) शून्याखालच्या हवेतूनही उष्णता शोषतं, कॉम्प्रेसर ते दाबून तापवतो, मग ती उष्णता रेडिएटरच्या पाण्यात उतरते. फ्रिजच्या मागे हात लावला की लागते, तीच ही ऊब.

पाणी ५५ ऐवजी ४० अंशांवर फिरवलं तर वीज बरीच वाचते. कोमट पाण्यासाठी रेडिएटर मात्र मोठे लागतात. पंप सारखा बंद-चालू करू नका.

थंड, दमट दिवशी बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांवर पांढरं हिम धरतं, पंखा थांबतो, वाफ निघते. हे डीफ्रॉस्ट, म्हणजे पंप स्वतःच ते हिम वितळवतो; बिघाड नव्हे. वितळलेल्या पाण्याचा निचरा नसेल तर वाटेवर बर्फ होतो. हिम उतरतच नसेल, तर आधी अडकलेला पाला काढा, मगच मेकॅनिक बोलवा.