सीमाभागातल्या नव्या कथालेखकांसाठी: शंका कथेला विचारा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कथा लिहू पाहणाऱ्यांची पहिली शंका बहुधा भाषेची असते. शाळेत प्रमाण मराठी, घरात बोली, कचेरीत कन्नड. मग आपली मराठी पुण्या-मुंबईच्या संपादकाला चालेल काय? चालते, पण शिस्त हवी. निवेदन कोणत्या भाषेत आणि संवाद कोणत्या, हे पहिल्याच पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. सुरुवातीला निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही वाट सोपी. आपल्याकडच्या खेड्यांत कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. कथेत तसं लिहिलंत तर मुद्रितशोधक चूक समजून ‘येते’, ‘जाते’ करून टाकण्याची शक्यता असते. म्हणून सोबतच्या पत्रात ‘संवादातली रूपं बोलीतली आहेत, बदलू नयेत’ अशी एक ओळ घाला.

दुसरी शंका जास्त छळते: माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे तरी काय? ती स्वतःला विचारत बसून सुटत नाही, लिहिलेल्या पानाला विचारावी लागते. आपल्या भागातल्या नवोदितांना सीमाप्रश्नावर लिहावंसं वाटतं, ते साहजिक आहे. पण पात्रांच्या तोंडून लेखकच बोलू लागला की कथेचं भाषण होतं. 1946 साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे ठाऊक असावं. कथा मात्र ठरावावर उभी राहत नाही. जमिनीचा कन्नड उतारा आजोबांना वाचता येत नाही. कन्नड शाळेत जाणारी नात वाचून दाखवते आणि चुलत आजोबांच्या नावापाशी थांबते. इथं कथा सुरू झाली. तसंच निपाणीच्या विडी कामगार बाईबद्दल ‘ती फार गरीब होती’ असं लिहिलं असेल तर ते खोडा. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. मोजणारा खराब म्हणून मूठमूठ विड्या बाजूला काढतोय आणि ती मान खाली घालून त्या मुठी मोजतेय, एवढं पुरे.

पहिली कथा 2000 ते 2500 शब्दांची ठेवा. हातानं लिहिलेली साधारण दहा पानं. रोज एक पान लिहा आणि मागं जाऊन सुधारू नका. चौथ्या-पाचव्या पानावर कथा अडली की ‘आपल्याला जमत नाही’ असं वाटू लागतं. कारण बहुतेक वेळा साधं असतं: पात्राला नेमकं काय हवंय आणि त्याच्या आड कोण येतंय, हे ठरलेलंच नसतं. ते समासात एका वाक्यात लिहा आणि पुढं चला. खर्डा झाला की पंधरा दिवस कपाटात ठेवा, मग मोठ्यानं वाचा. जीभ अडते तिथं खूण करा. पहिला परिच्छेद झाकून वाचा; काही चुकल्यासारखं वाटलं नाही तर तो काढून टाका.

वाचायला दोघांनाच द्या. ‘आवडली का?’ विचारलंत तर सगळे होच म्हणतात. ‘कुठं कंटाळा आला?’ विचारा. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत कथाकथन जरूर ऐका, मंडपातली चुळबुळ कुठं थांबते ते टिपा. मात्र तिथं हशा घेणारी कथा आणि कागदावर वाचायची कथा यांची मोजमापं वेगळी. आपली कथा शांत आहे म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर जूनअखेर पाठवा; गणपतीपर्यंत बहुतेक अंकांचा मजकूर ठरत आलेला असतो. त्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयात बसून चाळा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, त्याचा फायदा घ्या. कथा युनिकोडमध्ये टाइप करा, पानांना क्रमांक द्या, प्रत स्वतःजवळ ठेवा. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एक नम्र स्मरणपत्र, आणि तरीही काही कळलं नाही तर ‘मागे घेत आहे’ असं कळवून दुसरीकडे पाठवा. नकाराचं कारण अनेकदा पानांची मर्यादा किंवा त्याच विषयाची आधी घेतलेली कथा असं असतं, आणि ते कुणी कळवत नाही. त्यामुळे एका नकारावरून कथा फाडू नका. तीन ठिकाणांहून परत आली तर पुन्हा वाचायला काढा.

पदरचे पैसे घालून संग्रह काढायची घाई मात्र करू नका. निदान सात-आठ कथा कुठं ना कुठं छापून येऊ द्या. तरीही काढायचाच असेल तर किती प्रती छापणार, विक्री कोण करणार आणि उरलेल्या प्रती कुणाच्या, हे आधी कागदावर लिहून घ्या.