हाय-इम्पीडन्स हेडफोनसाठी अॅम्प घेताना या चुका टाळा

अडीचशे-तीनशे ओहमचा, म्हणजे हाय-इम्पीडन्स (विजेला जास्त रोध करणारा) हेडफोन हातात आला की त्याला जोडायच्या अॅम्पचा, म्हणजे अॅम्प्लिफायरचा, प्रश्न ठरलेलाच: "सगळ्यात जास्त वॉटचा अॅम्प कुठला? लिंक द्या." या घाईतच पैसे पाण्यात जातात. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा ३२ ओहमवरचा असतो. तो इथे फसवतो: जास्त ओहमच्या हेडफोनला करंट थोडाच लागतो, पण व्होल्टेज भरपूर लागतं.

कुडाळचा एक मुलगा डबलबारी भजनं रेकॉर्ड करतो. त्याने बेयरडायनॅमिक डीटी ९९० प्रो घेतला, २५० ओहमवाला. मग फोन आला, "काका, मोबाईलार आवाज भरणा नाय." म्हटलं, थांब, स्पेसिफिकेशन पाठव. तो कसला थांबतोय! रात्रीतच बॅटरीवरचा अॅम्प मागवला. त्यावर लिहिलेलं, १०० मिलिवॉट. तेही ३२ ओहमवर, म्हणजे जेमतेम १.८ व्होल्ट. तेवढ्यावर २५० ओहमला १३ मिलिवॉटच मिळतात. बाजारातली गाणी त्यावर ठीक वाजली. पण त्याचं रेकॉर्डिंग क्लिप होऊ नये, म्हणजे आवाज फाटू नये, म्हणून हळू लेव्हलवर घेतलेलं, ते काही उठेना. कमी आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, म्हणून मिक्स करताना तो पखवाजाचा खर्ज वाढवत गेला. घरच्या स्पीकरवर लावलं तेव्हा थापेखाली बुवांचे शब्दच बुडाले. माझा विजेवर चालणारा अॅम्प नेऊन दिला तेव्हा कुठे खर्ज जागेवर आला.

मी स्पेसिफिकेशनमध्ये फक्त ३०० ओहमची ओळ शोधतो. ती दिलेलीच नसेल तर तो अॅम्प घेत नाही. त्या ओळीत ८० मिलिवॉटच्या आसपास दिसले, म्हणजे साधारण ५ व्होल्ट, की सेनहायझर एचडी ६०० असो वा डीटी ९९०, मला पुरतात.

मोबाईलच्या हेडफोन जॅकमधून अॅम्पला सिग्नल देऊ नका, डॅकचा (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणाऱ्या डबीचा) लाइन आउट वापरा. बॅलन्स्ड आउटपुटला (डाव्या-उजव्या बाजूची निगेटिव्ह तार वेगळी असते त्या) साधा हेडफोन अडॅप्टर लावून जोडू नका, दोन्ही निगेटिव्ह एकत्र येऊन अॅम्प जळू शकतो. ओटीएल ट्यूब अॅम्प (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला, व्हॉल्व्हवर चालणारा) ३०० ओहमला छान जमतो, त्यावर ३२ ओहमचा हेडफोन मात्र लावू नये. डीटी ९९०चा तिखट ट्रेबल अॅम्प बदलून जात नाही, त्याला इक्वलायझरच हवा. आणि हाय गेनवर (सिग्नल जास्त वाढवणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेल्या अॅम्पला इयरफोन लावायच्या आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. कान परत मिळत नाहीत.

आपल्याकडची खारी हवा जॅक आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा फिरता भाग) खाते. फिरवताना खरखर सुरू झाली की लोक अॅम्प विकायला काढतात. आधी अॅम्प बंद करून पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नॉब दहा-बारा वेळा इकडून तिकडे फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की नुसता स्विच बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून काढून ठेवा.